आषाढातला चीज बोर्ड : बडोद्यातलं एक प्रकरण

बडोद्यात दांडिया बाजारातलं एक मराठी घर. दहा पाहुणे, रविवारची संध्याकाळ, जुलैचा मध्य. जेवण साडेआठला, आणि त्याआधी गप्पा मारता मारता खायला चीज, कोल्ड कट्स (थंडच खायचे मांसाचे काप), फळं, सुकामेवा असा बोर्ड मांडायचा. तारीख मुद्दाम आषाढातली धरली होती, कारण श्रावण लागला की या घरात मांस येत नाही. शनिवार मारुतीचा म्हणून बाद, एकादशी टाळलेली. थोडक्यात गटारीच्या आसपासचा मुहूर्त, फक्त गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे बाटलीविना.

दहांपैकी चौघं मांसाहारी, त्यातला एक डुकराचं खात नाही. उरलेल्या सहांत एक जैन जोडपं आणि एक गरोदर बाई. पाहुण्यांची ही यादी आधी झाली, खरेदीची नंतर. पुढे जे काही निभावलं ते बरंचसं या क्रमामुळे. बहुतेक घरांत उलटं होतं: फोटो बघून सामान आणलं जातं आणि कोणाला काय चालत नाही ते ताटाशी कळतं.

जैन जोडप्याला फोन करून विचारलं. उत्तर सविस्तर आलं: हिरव्या खुणेचं चीज चालेल, बुरशीचं नको, मध नको, अंजीर नको, कांदा, लसूण, कंदमुळं नकोत, चातुर्मास असल्याने पालेभाजी नको, रात्र उलटलेलं दही नको, आणि सूर्यास्तानंतर काहीच नको. या शेवटच्या अटीने सगळं वेळापत्रक बदललं. जुलैत बडोद्याचा सूर्यास्त साडेसातच्या जरा अलीकडे होतो. आमंत्रण साडेसातचं होतं, ते सव्वासहाचं करावं लागलं. शिवाय जोडप्यापुरता बोर्ड म्हणजे तोंडात टाकायला काहीतरी नव्हे, तेच जेवण. त्यांचा हिशेब दुप्पट धरला.

रंगीत तालमीत काय बिघडलं

आदल्या रविवारी घरातल्याच पाच माणसांवर तालीम झाली. एक मोठा लाकडी बोर्ड, त्यावर सगळं एकदम मांडलेलं, चीज परदेशी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तासभर आधी बाहेर काढलेलं. खोलीत ३० अंश, पंखा चालू, बाहेर पाऊस. पाऊण तासात चेडरच्या कापांवर थेंब आले, मऊ ब्री चीज पसरून कडेच्या बदामांखाली गेलं, चिकन सलामीच्या कडा वाळून वर वळल्या, खाकरा कातड्यासारखा झाला आणि निळ्या बुरशीच्या ब्लू चीजचा वास सगळ्याला लागला.

यातल्या प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण आहे. सगळं खापर उकाड्यावर फोडलं तर उपाय चुकतो.

चेडरवरचे थेंब आधी पाहू. घामासारखे दिसतात, पण दोन वेगळ्या वेळी दोन वेगळे थेंब येतात. फ्रिजमधून काढल्या काढल्या जे येतात ते पाणी. जुलैत बडोद्याच्या हवेत ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते. अशा हवेत सुमारे २५ अंशांच्या खालची कुठलीही वस्तू उघडी ठेवली की तिच्यावर दव जमतं. अर्ध्या तासाने जे येतात ते दुधाची चरबी. चरबी थंडीत घट्ट असते, पंचविशीच्या पुढे ती झपाट्याने मऊ पडून पृष्ठभागावर येते. ओळखायचं सोपं आहे: थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायचा. सुकून गेला तर पाणी, बोटं चकाकली तर तूप. पाणी असेल तर चूक झाकण्याची, तूप असेल तर चूक वेळेची. तालमीत दोन्ही झाल्या होत्या. युरोपातल्या वीसेक अंशांच्या खोलीत चीजला थंडी झटकायला तास लागतो, इथे वीस मिनिटं पुरतात, आणि ती वीस मिनिटं चीज डब्यात झाकलेलं हवं, म्हणजे दव डब्यावर धरतं, चीजवर नाही.

चिकन सलामीचा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे पाकिटात मिळणारी चिकन सलामी बहुतेक शिजवलेली असते: बारीक वाटलेलं मांस, पाणी, मीठ, मसाला, नळीत भरून वाफवलेलं. इटलीच्या वाळवलेल्या सलामीशी तिचं नाव सोडून फारसं काही जुळत नाही. ती सलामी आधी आंबवतात, मग आठवडेच्या आठवडे वाळवतात, तिसऱ्या हिश्श्याइतकं वजन पाणी होऊन उडून जातं, आणि मीठ, आंबटपणा, कोरडेपणा तिघं मिळून तिला टिकवतात. शिजवलेल्या सलामीत पाणी भरपूर, म्हणून ती पंख्याखाली कडेने वाळते आणि मधून बुळबुळीत होते. पाकीट फोडल्यावर फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसच. पाकिटावर ‘कुक्ड’ लिहिलंय की ‘ड्राय क्युअर्ड’, हे बघितल्याशिवाय ती किती वेळ बाहेर ठेवायची ते ठरवता येत नाही.

ब्लू चीज यादीतूनच काढलं. दहांत दोघांनाही ते आवडत नव्हतं, आणि झाकण उघडलं की ते शेजारच्या गौडाचीही चव मारतं. बोर्डावर एक तरी निळं हवंच, हा आग्रह निव्वळ फोटोसाठी असतो.

खरेदी आणि मापं

पुढे जेवण असेल तर माणशी ३० ते ४० ग्रॅम चीज पुरतं. बोर्ड हेच जेवण असेल तर दुप्पट. आठ जणांचे ३५ प्रमाणे २८०, जोडप्याचे ७० प्रमाणे १४०, एकूण ४२० ग्रॅम. त्यात १५० ग्रॅम मुरलेलं चेडर, १५० ग्रॅम गौडा आणि १२५ ग्रॅमची ब्रीची एक चकती. एक कडक, एक मध्यम, एक मऊ. दहा माणसांना तीन प्रकार पुष्कळ झाले. सहा प्रकारांचे साठ-साठ ग्रॅम घेतले की कापताना अर्धं चुऱ्यात जातं आणि कोणालाच कशाची चव नीट कळत नाही.

अमूल डेअरीचं आणंद इथून चाळीसेक किलोमीटरवर, त्यामुळे चीज या शहराला नवं नाही. पण ओळख आहे ती प्रक्रिया केलेल्या चीजची, क्यूब आणि स्लाइसची. त्यात इमल्सिफाय करणारे क्षार असतात, म्हणून चरबी आणि पाणी वेगळं होत नाही आणि ते गरमीतही शांत बसतं. घरातल्या आजोबांसाठी चार क्यूब एका वाटीत ठेवले होते. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते क्यूब मुरलेल्या चेडरशेजारी ठेवले की दोन्ही फिके वाटतात, म्हणून वाटी वेगळी.

यादीत आधी पार्मेझान होतं. अस्सल पार्मेझानच्या, म्हणजे इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोच्या नियमातच वासराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) बसतं, त्यामुळे ते शाकाहारी होऊच शकत नाही. त्या धर्तीचं, बुरशीपासून केलेल्या रेनेटचं चीज मिळतं, पण मग नाव न बघता खूण बघायची: चौकटीत हिरवा ठिपका. मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी ठिपका होती, आता तपकिरी त्रिकोण आहे. चीज सुटं करून विकणाऱ्या काउंटरवर ही खूण दिसत नाही, तिथे मूळ पाकीट मागून घ्यावं. इथे तेवढी यातायात नको म्हणून पार्मेझान वगळलं, चेडर वाढवलं.

चौथं म्हणून चक्का. श्रीखंडाला टांगतो तोच, फक्त मिठाचा. म्हशीच्या दुधाचं अर्धा किलो दही शनिवारी रात्री फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून, फ्रिजमध्ये आठ तास निथळलं. अडीचशे ग्रॅमच्या आत-बाहेर चक्का निघाला. जुलैत बाहेर टांगला तर सकाळपर्यंत आंबट ढाण होतो. त्यात अर्धा लहान चमचा मीठ, भरडलेली मिरी, भाजलेलं जिरं, वरून चमचाभर शेंगदाण्याचं तेल. चाळीस रुपयांच्या दह्याचा हा चक्का ब्रीच्या आधी संपतो, हे गृहीत धरून ठेवावं.

गरोदर बाईंसाठी ब्री नाही आणि थंड सलामीही नाही (त्या शाकाहारी होत्या म्हणून दुसरा प्रश्न आला नाही). मऊ, बुरशीच्या सालीच्या चीजमध्ये ओल जास्त आणि आंबटपणा कमी, त्यात लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढू शकतो, आणि गरोदरपणात तो बाळाला धोक्याचा. पाश्चराइज्ड दुधाचं चेडर, गौडा त्यांना चाललं.

मांस चौघांना ४० ग्रॅमप्रमाणे १६०: शंभर ग्रॅम चिकन सलामी, साठ ग्रॅम वाळवलेली पोर्क सलामी. पोर्क गोठवलेलं आलं होतं. ते ओट्यावर न वितळवता आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. चीज मात्र कधीही गोठवू नये, पाण्याचे स्फटिक त्याची वीण मोडतात आणि कापताना ते भुगा होतं.

सोबतीला काय

बिस्किटांऐवजी खाकरा. यात बडोद्याला कोणी हात धरू शकणार नाही. पण साधा किंवा जिऱ्याचाच. मेथीचा खाकरा एकटा उत्तम, गौडाबरोबर कडू लागतो, शिवाय चातुर्मासात जोडप्याला तो चालला नसता. माणशी दीड, जोडप्याला दोन-दोन, असे सोळा. प्रत्येकाचे हाताने चार तुकडे. सगळे एकदम बाहेर काढायचे नाहीत: घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून दर वीस मिनिटांनी मूठभर. सादळलाच तर मंद तव्यावर फडक्याने दाबत प्रत्येक बाजूला पाऊण मिनिट, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात, नाहीतर आपल्याच वाफेने पुन्हा मऊ पडतो.

बाकरवडी आणि लीलो चिवडा (बडोद्याचा ओलसर बटाट्याचा चिवडा) घरात होते, बोर्डावर घेतले नाहीत. दोन्ही चटकदार, आणि नेमकी तीच अडचण: एक बाकरवडी खाल्ली की पुढची दहा मिनिटं चेडर आणि खडू सारखेच लागतात. ते जेवणानंतरच्या चहाला काढले.

फळांत द्राक्षं नाहीत; नाशिकची द्राक्षं एप्रिलमध्येच संपतात, जुलैत मिळतात ती आयात केलेली, महाग आणि पाणचट. त्याऐवजी कच्छची ओली खारीक. पिवळी, करकरीत, गोडसर आणि किंचित तुरट. उभी चिरून बी काढली की त्या खाचेत चेडरची काडी बसते. संध्याकाळभरात सगळ्यात जास्त हात या घासाकडे गेले. जोडीला चार आलुबुखार. जांभळं बाजारात भरपूर होती, पण एक जांभूळ फुटलं की सगळं चीज जांभळं होतं. नासपती शेवटच्या क्षणी चिरून लिंबाच्या पाण्यातून काढायची, नाहीतर काळी पडते.

गोडाला मध नाही, छुंदा. मे महिन्यात उन्हात मुरलेला कैरीचा छुंदा जुलैत ताजाच असतो. आंबट, गोड, तिखट तिन्ही त्यात, आणि खारट मुरलेल्या चेडरला याहून चांगली जोड नाही. वाटीत पळी नको, लहान चमचा हवा, म्हणजे कोणी अर्धी वाटी घेत नाही.

सलामीला फेसलेली मोहरी. दोन मोठे चमचे मोहरी कोरडी वाटून, तीन चमचे गार पाण्यात फेसायची, दहा मिनिटं झाकून ठेवायची, मग मीठ आणि लिंबू. हा क्रम पाळावा लागतो. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. वाटल्यावर आणि पाणी लागल्यावर एक विकर (एन्झाइम) तो तयार करतं. पाणी गरम घेतलं तर विकर मरतं आणि नुसता कडूपणा उरतो. लिंबू आधीच पिळलं तर झणका पुरता चढत नाही. तालमीत गरम पाणी घेतलं होतं, ती वाटी तशीच फेकावी लागली. फेसल्यावर हळूहळू नाकात जाणं कमी होतं, म्हणून ती संध्याकाळी पाचलाच करायची, सकाळी नाही.

अक्रोड १०० ग्रॅम, ओव्हनमध्ये १६० अंशांवर आठ मिनिटं. पावसाळ्यात अक्रोड आधी एक चावून बघावा. खवट लागला तर भाजून सुधारत नाही.

प्यायला कमी साखरेचं कोकम सरबत आणि बिनदुधाचा गार चहा. वाइन जे काम करते ते आंबटपणाने आणि तुरटपणाने, जिभेवरचा तुपाचा थर धुवायचं. कोकमात आंबटपणा आहे, कोऱ्या चहात तुरटपणा. सरबत गोड झालं की मात्र चीज उगाच खारट वाटायला लागतं.

मांडणी

मोठा बोर्ड रद्द झाला. त्याऐवजी घरातले दोन संगमरवरी पोळपाट शाकाहारी चीजसाठी आणि एक नवा लाकडी बोर्ड मांसासाठी. पोळपाटावर सलामी ठेवायचा प्रश्नच नव्हता, दुसऱ्या दिवशी त्यावर पोळ्या लाटायच्या होत्या. संगमरवर थंडी धरून ठेवतो, म्हणून पोळपाट तासभर फ्रिजमध्ये ठेवले. पण दवाचा नियम त्यालाही लागू: बाहेर काढल्यावर मिनिटाभरात पृष्ठभाग ओला होतो. पुसून लगेच त्यावर बटर पेपर, मग चीज. खाकरा पोळपाटाला अजिबात टेकवायचा नाही, तो शेजारच्या टोपलीत. छुंदा आणि लिंबू लावलेली नासपती वाट्यांत, कारण आंबटाने संगमरवराची झिलई जाते आणि ती सहज परत येत नाही.

कापायचं ते सगळं थंड असताना. चेडर तीन-चार मिलिमीटर जाड काड्यांत. गौडाचं मेण आधी सोलून, मग त्रिकोणात. ब्री चकती केकसारखी मध्यातून, म्हणजे प्रत्येक फाकीला साल आणि गर दोन्ही येतात. सुरीला चिकटत असेल तर ताणलेला सुती दोरा उत्तम. साल खायची असते, हे पाहुण्यांना एकदा सांगून टाकावं, नाहीतर ताटांत पांढऱ्या सालींचा ढीग उरतो. प्रत्येक चीजला वेगळी सुरी, सलामीला वेगळा चिमटा. दुसऱ्या पोळपाटावर फक्त चेडर, गौडा, खारीक, अक्रोड: हा जोडप्याचा आणि गरोदर बाईंचा, मांसाच्या बोर्डापासून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला.

सगळ्यात महत्त्वाचा बदल म्हणजे एकदम न मांडता दोन फेऱ्या. पहिली सव्वासहाला, निम्म्या मालाची. उरलेलं कापून, बटर पेपरात, डब्यात, फ्रिजमध्ये. दुसरी सात वाजता, पहिल्याचे पोळपाट आत नेऊन, पुसून. चिकन सलामी सगळ्यात शेवटी टेबलावर येणार आणि चाळीस मिनिटांत आत जाणार. असं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तास, आणि ३२ अंशांच्या वर तासभरच, हा सर्वसाधारण नियम. बत्ती गेली, पंखे बंद पडले तर एक तास धरायचा.

त्या संध्याकाळी

पहिली फेरी ठीक गेली. जोडप्याने सात-वीसपर्यंत निवांत खाल्लं आणि पाणी पिऊन हात धुतले. दुसऱ्या फेरीत ब्री फसलं: फ्रिजमधून ते चेडरबरोबरच सात वाजायला वीस कमी असताना काढलं गेलं, वीस मिनिटांत बसकण मारून मोकळं. मऊ चीजला या हवेत दहा मिनिटंच पुष्कळ. ते उचलून एका वाटीत काढलं, वर भाजलेले अक्रोड चुरून टाकले आणि चमच्याने खाकऱ्यावर लावून संपलं. ब्री वितळलं तर फेकायचं नसतं.

दुसरा घोटाळा चिमट्याचा. एकाने सलामीचा चिमटा गौडावर घातला, तोही नेमका शाकाहारी पोळपाटावरच्या. तेवढा कोपरा तिथल्या तिथे उचलून मांसाच्या बोर्डावर सरकवला, खालचा बटर पेपर बदलला. चिमट्याला तांबडा दोरा बांधला असता तर हे टळलं असतं. पुढच्या वेळच्या यादीत तो आहे.

उरलं ते असं: गौडा सुमारे तीस ग्रॅम, चेडरचा चुरा, सलामीचे सहा काप. सलामी टाकून दिली, कारण ती शिजवलेली आणि बाहेर राहिलेली. गौडा, चेडर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले होते. दोन्ही किसून, उकडलेल्या बटाट्यात हिरवी मिरची घालून, सोमवारी सकाळी टोस्ट सँडविचमध्ये गेले.